समुद्रात तेल सांडलंय आणि आपण नाशिकला: सतत विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात अरबी समुद्रात एखादं जहाज कलंडल्याची बातमी आली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, कारण माझी मावशी डहाणूला दिलेली, आमच्या सगळ्या सुट्ट्या तिकडच्या किनाऱ्यावर गेल्या आणि हा विषय मी बरीच वर्षं धरून बसलेय. प्रश्न दरवेळी तेच असतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. डहाणू-बोर्डीचं नाव जास्त येईल, पण केळवे, अलिबाग, दिवेआगर, गुहागर, तुमचा जो किनारा असेल तो तिथे धरा.

बातमी वाचल्यापासून काही सुचत नाहीये. इथे नाशिकला बसून मी करू तरी काय?

आधी हे सांगते की असं वाटणं अगदी बरोबर आहे. ज्या किनाऱ्यावर पोरांना पहिल्यांदा लाटा दाखवल्या तिकडे काळं तेल सरकतंय आणि आपण घाटाच्या अलीकडे, दीडशेएक किलोमीटरवर, फोन रिफ्रेश करत बसलोय, जीव वर-खाली होणारच. "तुझं काय जातंय, तू कुठे समुद्राकाठची" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, जीव लागायला तिथलं रेशनकार्ड लागत नाही.

आता काम काय ते. तेल पाण्यावर असतं त्या दिवसांत आपल्यासारख्यांना करण्याजोगं फार थोडं असतं, ते काम कोस्ट गार्डचं, बंदराचं आणि जिल्हा प्रशासनाचं. आपलं काम त्याच्या आधी असतं आणि त्याच्यानंतर असतं, आणि नंतरचं काम तर महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा कॅमेरेही गेलेले असतात आणि माणसंही. त्यामुळे आज हात रिकामे वाटले तरी अंगातला जोर आजच संपवू नका.

आज करता येईल असं एक आहे. तुमच्या फोनमध्ये त्या किनाऱ्याचे जुने फोटो असतील, पोरं पाण्यात, मागे खडक, ओहोटीला उघडी पडलेली वाळू, बाजूची तिवरं (खारफुटीची झाडं). ते शोधा, तारीख आणि जागा लिहून एका फोल्डरमध्ये ठेवा. तेल यायच्या आधी किनारा कसा होता हे दाखवायला नंतर पंचनाम्यात आणि नुकसानभरपाईच्या वेळी लोकांकडे बहुतेक काहीच नसतं. तिथे कोणी ओळखीचं असेल तर त्यांना पाठवून ठेवा.

आम्ही आठ-दहा जण गाडी करून निघतोय साफसफाईला. कुठे पोचायचं?

बोलावल्याशिवाय निघू नका. कळकळीने सांगतेय, नाउमेद करायला नाही.

ताज्या तेलातून बेंझिनसारखे वायू निघतात, डोकं धरतं, मळमळतं, उघड्या कातडीला लागलं तर पुरळ येतं आणि आग होते. साधा कापडी मास्क आणि घरातले पातळ हातमोजे त्याला पुरत नाहीत. दुसरं असं की वाळूत जितके पाय जास्त तितकं तेल खाली दाबलं जातं, वरचा पातळ थर अलगद खरवडून निघाला असता तोच फूटभर खोल जातो आणि मग अख्खी वाळू उचलावी लागते. तिसरं, गोळा केलेली तेलकट वाळू हा घातक कचरा आहे, तो नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकता येत नाही, न्यायची सोय आधी ठरलेली नसेल तर पिशव्या किनाऱ्यावरच राहतात, फाटतात आणि पुढच्या भरतीला सगळं परत पाण्यात.

२८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली तेव्हा माणसं बादल्यांनी तेल उपसताना सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. त्यांच्या जिद्दीला हात जोडते, पण माणसावर तसं करायची वेळ येऊच नये.

एक काम मात्र खरंच उपयोगाचं असतं आणि ते तेल पोचायच्या आधीचं: किनाऱ्यावरचा नेहमीचा कचरा, प्लास्टिक, तुटकी जाळी, लाकडं भरती-रेषेच्या वर उचलून ठेवणं. कोरडा कचरा तेलात भिजला की त्याचाही घातक कचरा होतो आणि ओझं कितीतरी वाढतं. हे तिथली ग्रामपंचायत, शाळा, मच्छीमार सोसायटी करू शकते, तुमची ओळख असेल तर फोन करून एवढं सुचवा. तुमच्या गाडीच्या डिझेलचे पैसे त्यांना गमबूट आणि पोत्यांसाठी पाठवलेत तर जास्त कामी येतील.

तेल नक्की आपल्या किनाऱ्याला लागेल का? कधी?

पाण्यावरचं तेल प्रवाहाबरोबर जातं, आणि त्यात वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्क्यांची भर पडते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर नुसत्या वाऱ्याने तेल तासाला सव्वाएक किलोमीटर सरकतं, दिवसाला तीसच्या आसपास. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, समुद्रावरून जमिनीकडे, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये सांडलेलं तेल किनारा धरतं ही भीती खरी आहे. हैदराबादचं इन्कॉइस नावाचं सरकारी केंद्र तेल कुठे जाईल याचा अंदाज काढतं, कोस्ट गार्ड तो वापरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाल बाण काढलेला नकाशा आला तर तारीख आणि कोणी काढलाय ते बघा, नसेल तर पुढे पाठवू नका, मावशीच्या शेजारणीची झोप अशा एका नकाशाने गेली होती.

तेल म्हणजे पेट्रोल-डिझेल का? ते तर उडून जातं ना?

डिझेल बरंचसं उडतं आणि पसरून विरतं, समुद्र खवळलेला असेल तर लवकर. भीती असते ती जहाजाच्या इंजिनाला लागणाऱ्या फर्नेस ऑइलची, ते काळं, जड आणि चिकट. टँकर नसला तरी मालवाहू जहाजाच्या पोटात हे शेकडो टन असतं. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं ते कंटेनरचं जहाज होतं, तरी त्यात ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल होतं. वर कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनर, आणि प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले ते वेगळंच.

जड तेल लाटांनी घुसळलं की त्यात पाणी मिसळून तपकिरी दाट लगदा होतो आणि मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट भरतो. म्हणून "फक्त शंभर टन सांडलं" हे वाचून सुटकेचा श्वास टाकू नका.

मग समुद्रातच का नाही काढून घेत?

काढतात, पण जमेल तेवढंच. तरंगते अडसर टाकून तेल एका जागी अडवायचं आणि स्किमर यंत्राने ओढून घ्यायचं ही पद्धत. आपल्या कोस्ट गार्डकडे समुद्र प्रहरीसारखी खास प्रदूषण-नियंत्रणाची जहाजं आहेत, १९९६ पासून देशाचा आराखडाही आहे. पण जुलै-ऑगस्टच्या लाटांत अडसराच्या वरून आणि खालून तेल निसटतं. जगभरचा अनुभव असा की समुद्रात सांडलेल्यापैकी १०-१५ टक्क्यांहून जास्त क्वचितच परत हाती येतं. तेलाचे बारीक थेंब करणारी रसायनं फवारतात, तीही खोल पाण्यात ठीक, उथळ खाडीत आणि माशांच्या पैदाशीच्या जागी नको.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण टीव्हीवर "यंत्रणा अपयशी" ओरडलं की आपली हताशा दुप्पट होते. यंत्रणेला जाब जरूर विचारावा, पण तो "बुडेपर्यंत जहाज तसंच का फिरत होतं" याचा.

आपल्या महाराष्ट्रात असं झालंय का आधी?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ धडकली. साधारण ८०० टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यात कीटकनाशकंही होती, बंदरं काही दिवस बंद राहिली आणि तेल उरण-अलिबागच्या बाजूच्या तिवरांत शिरलं. तारीख बघा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत कोळी कर्ज काढून जाळी दुरुस्त करतो, डिझेल भरतो, आणि हंगाम सुरू व्हायच्या सुमारासच लोकांनी मासळी घेणं बंद केलं.

बरोबर वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ ला, एमव्ही राक हे कोळशाचं जहाज मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडालं, साठ हजार टन कोळसा आणि २९० टन फर्नेस ऑइल घेऊन. जुहूपर्यंत तेल आलं. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाच्या मालकांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकांना ५ कोटींची भरपाई लावली. ती याचिका मुंबईतल्या एका नागरिकाने केली होती आणि निकालाला पाच वर्षं गेली. "नंतरचं काम" म्हणते ते हे.

तिवरांचं काय होतं? ती तर चिखलातच असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी तिवरांची वाटते, म्हणून जरा लांब लिहिते.

ओहोटीला खाडीत उभं राहिलात तर तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते म्हणून झाड या मुळांवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. तेल भरतीबरोबर आत येतं, पाणी उतरताना मुळांना लेप बसतो आणि छिद्रं बुजतात. झाड लगेच मरत नाही. आधी पानं पिवळी पडतात, मग गळतात, आणि सगळे विसरलेले असतात तेव्हा, काही महिन्यांनी, उभं झाड वाळतं. खालच्या बिळांतल्या चिंबोऱ्या, चिखलावर उड्या मारणारे निवटे, कोलंबीची पिल्लं, सगळ्यांचं घर तेच. खाडीत हाताने मासे धरून, कालवं फोडून विकणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे ना होडी ना परवाना, त्यामुळे नुकसानीच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी येतं, बऱ्याचदा येतच नाही.

आणि तिवरांत शिरून साफ करायला जाल तर पायांनी मुळं मोडतात आणि तेल चिखलात खोल जातं, तिथे हवा नसल्याने ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. बहुतेक वेळा कमी दाबाने पाणी सोडून धुणं किंवा भरती-ओहोटीवर सोपवणं हेच बरं असतं. म्हणून खरा उपाय एकच, तेल खाडीच्या तोंडाशीच अडवणं, आणि त्यासाठी कुठली खाडी आधी राखायची हे कागदावर आधीपासून ठरलेलं हवं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात तुमच्या आवडत्या किनाऱ्याची खाडी आहे का, अडसर कुठे ठेवलेत, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतं, नाशिकला बसूनसुद्धा. अर्जाला दहा रुपये लागतात.

केस, भुसा, उसाचं पाचट गोळा करून पाठवू का? मॉरिशसमध्ये केलं होतं ना.

हो, २५ जुलै २०२० ला वाकाशिओ जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं, हजारेक टन तेल गळालं आणि लोकांनी पाचट कापडात भरून लांबच लांब अडसर शिवले, केसही दिले. शांत लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर ते जमलं. आपल्याकडे पावसाळी लाटांत पाचट भिजून बुडतं आणि तेल पिऊन त्याचाच कचरा होतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीवेळीही लोकांनी ढिगाने केस पाठवले होते, ते लवकर पाण्याने जड होतात म्हणून तिथल्या यंत्रणेने वापरले नाहीत. कोणी स्पष्ट मागितल्याशिवाय पाठवू नका.

तेलाने माखलेला पक्षी किंवा कासव दिसलं तर?

धुऊ नका. पक्ष्याची पिसं तेलाने चिकटली की तो गारठतो, आणि चोचीने साफ करताना तेल पोटात जातं, त्यात आपण साबण लावून घाबरवला तर तिथेच मरतो. सुती कापडात गुंडाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, खायला-प्यायला घालू नका, वनविभागाला १९२६ वर कळवा. कासव असेल तर परत पाण्यात ढकलू नका, ते मुळात दमून किनाऱ्याला लागलेलं असतं. सावलीत ठेवा. डहाणूला वनविभाग आणि स्थानिक कार्यकर्ते मिळून समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात, पावसाळ्यात तिथे जखमी कासवं येतच असतात.

नाशिकच्या बाजारात आलेली मासळी खायची का?

गळती झालेल्या भागातली मासेमारी थांबवलेली असेल तर तिथला मासा नको. पण गळती एका ठिकाणी आणि आपण अख्खा समुद्र वाळीत टाकतो, तसं करू नका. पापलेट, सुरमई, बोंबील हे मासे तेलातली घातक द्रव्यं शरीरातून बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतात. तिसऱ्या, कालवं, शिंपले एका जागी बसून पाणी गाळतात, त्यांच्यात ती साठून राहतात, म्हणून गळतीच्या भागातल्या शिंपल्या बरेच दिवस टाळा. मासळीला रॉकेलचा वास आला तर घेऊ नका, शिजवल्याने वास जात नाही. रोहू-कटला धरणातले, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. विक्रेत्याला माल कुठल्या बंदराचा ते विचारा, बहुतेक जण नीट सांगतात.

कोळ्यांना भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण आपोआप नाही. जहाजाचा मालक आणि त्याची विमा कंपनी जबाबदार असते. टँकरमधलं तेल सांडलं तर मालकाच्या मर्यादेच्या वर एक आंतरराष्ट्रीय निधी आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे, पण साध्या मालवाहू जहाजाच्या इंधनाला तो लागू होत नाही. दोन्हीकडे पुरावा मागतात: आधीच्या हंगामातल्या विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिलं, तेल लागलेल्या जाळीचा फोटो. डोल जाळीला फर्नेस ऑइल लागलं की ती साफ होत नाही, फेकावीच लागते, आणि फेकायच्या आधी फोटो काढायचं त्या घाईत कोणाला सुचत नाही. इथे तुम्ही कामी याल. अकाउंट्स येतात, टायपिंग येतं, इंग्रजी अर्ज लिहिता येतो, मग एखाद्या सोसायटीची कागदपत्रं लावून द्या, फोनवर होण्यासारखं काम आहे.

बोर्डीला दर पावसाळ्यात काळे गोळे पायाला लागतात, ते याच जहाजाचे का?

असतीलच असं नाही. कोकण-गोव्याला एप्रिल-मेपासून दरवर्षी डांबरगोळे येतात, जहाजांनी समुद्रात टाक्या धुतल्याने, लहानसहान गळत्यांनी. काडीने उलटून बघा, बाहेरून वाळू चिकटलेलं कडक कवच, दाबलं की आत मऊ, चकचकीत काळं, आणि नव्या डांबरी रस्त्याचा वास. साबणाने निघत नाही, खोबरेल चोळून पुसलं की निघतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशा गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून उगम शोधायचं काम केलंय. या रोजच्या तेलाची बातमी होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

वाढवण बंदर झाल्यावर काय?

३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं, आणि ते होतंय डहाणू तालुक्यातच. डहाणू १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे आणि मच्छीमारांचा विरोध जुना आहे, मी त्यांच्या बाजूची आहे हे लपवत नाही. तुमचं मत वेगळं असलं तरी मोठी जहाजं वाढणार म्हणजे गळतीची तयारीही तेवढी वाढली पाहिजे, एवढी मागणी तरी सगळ्यांनी मिळून करू.

किनारा परत पूर्वीसारखा होतो का?

लाटा आपटणारा खडकाळ किनारा एक-दोन वर्षांत बराच सावरतो, आणि तेल खाणारे जिवाणू उबदार पाण्यात जोरात काम करतात, ही आपल्या बाजूची गोष्ट. चिखल आणि खाडी मात्र हळू. अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डीझ टँकरचं तेल सांडलं, तिथे काही किनाऱ्यांवर दगड उकरले की वीस वर्षांनीही तेल निघत होतं, पण ते पाणी थंड.

लेक बातमी बघून रडतेय, तिला काय सांगू?

खोटं सांगू नका. काही प्राणी मरतील हे सांगा आणि कोण काय करतंय तेही सांगा. तिने मागच्या सुट्टीत काय काय पाहिलं त्याची यादी तिच्याकडून लिहून घ्या, खेकडे, शंख, पक्षी, सगळं. पुढच्या वेळी गेल्यावर ती यादी घेऊन बघायचं.

यंदा ट्रिप रद्द करू का?

तेल असेल तिथे जाऊ नका. किनारा मोकळा झाला की मात्र नक्की जा, तिथल्याच घरगुती खानावळीत जेवा, घोलवडचे चिकू घ्या. गळतीनंतर पर्यटक बरेच दिवस फिरकत नाहीत आणि तो फटकाही मोठा बसतो.

नाशिकचा आणि समुद्राचा संबंध काय?

त्र्यंबकच्या डोंगरातून दोन नद्या निघतात. वैतरणा पश्चिमेला जाऊन अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. गोदावरी त्याच समुद्रापासून फक्त ८० किलोमीटरवर उगम पावून उलट्या दिशेने बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. म्हणजे आपण दोन्ही समुद्रांच्या डोक्यावर राहतो. गाडीचं काळं ऑइल बदलताना थोडंसं जरी गटारात गेलं तरी ते नासर्डी नदीतून गोदेत उतरतं. १ लिटर वापरलेलं ऑइल १० लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. सर्व्हिसिंगला गेलात की जुनं ऑइल कोणाला देता हे विचारा, अधिकृत रिफायनिंगवाल्याला देत असतील तर तिथेच जात राहा. टँकर अपघातांतली गळती १९७० च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटलीये कारण लोकांनी कायदे करायला लावले, टँकरना दुहेरी कवच सक्तीचं झालं. जमिनीवरून जाणाऱ्या तेलाचं तसं अजून झालं नाहीये.

रात्रभर व्हिडिओ बघत बसतो, झोप येत नाही.

दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, कोस्ट गार्डची अधिकृत माहिती बघा, बाकी बंद. आणि तिथे राहणाऱ्या एका माणसाला फोन करा, तेलाबद्दल नाही, त्यांच्याबद्दल विचारायला. मी मावशीला करते. ती वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या बांबू-दोऱ्यांवर, घातलेल्या बोंबलांचं सांगते, भावाच्या पोराच्या फीचं सांगते, मग मला कळतं की मदत कुठे हवीये. आठवडे उलटूनही छातीत धडधड, जेवण नको, असं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, यात लाजायचं काही नाही.

मी नेमका किनाऱ्यावर असताना तेल दिसलं तर कोणाला कळवू?

कोस्ट गार्डचा नंबर १५५४, चोवीस तास, लागला नाही तर ११२. जागा (जवळची वाडी, देऊळ, जेट्टी), वेळ, रंग, पट्टा किती लांब, आणि वारा कुठून येतोय हे सांगा. पाण्यावर नुसती इंद्रधनुषी चमक आहे का काळा दाट थर, हा फरक त्यांना महत्त्वाचा असतो, पट्टा लांब दिसला तरी चमक असेल तर तेल थोडं असतं. फोटोत आकार कळायला शेजारी चप्पल ठेवा, फोनचं लोकेशन चालू ठेवा, हात लावू नका, आणि कोणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या.